जेफकॉटची अकरा पानं

लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’च्या मार्च १९१९ च्या अंकात ३०४ ते ३१४ अशी अकरा पानं एका लेखानं व्यापली आहेत. लेखक हेन्री होमन जेफकॉट, आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समधले इंजिनियर. शीर्षक वाचूनच निम्मे वाचक पान उलटतील असं: भार वाहणाऱ्या शाफ्टची, घुमण्याच्या वेगाच्या आसपासची आडवी कंपनं, असमतोलाचा परिणाम. आज मेकॅनिकलच्या कुठल्याही वर्गात ‘जेफकॉट रोटर’ शिकवतात. शिकवतात म्हणजे फळ्यावर सूत्र लिहितात, आलेख काढतात आणि परीक्षेत त्यावर एक हमखास प्रश्न टाकतात. मूळ लेख वाचा असं कोणी सांगत नाही. सूत्रात फक्त उत्तर असतं. ते उत्तर कुठे अडलं होतं आणि कशानं सुटलं, हे कळायला लेखच वाचावा लागतो. कवितेचं रसग्रहण होतं तसं या लेखाचंही व्हावं इतका तो देखणा आहे, आणि त्याचा सगळा रस एका बारीकशा अंतरात आहे.

ते अंतर कळायला आधीचा पन्नास वर्षांचा घोळ माहीत हवा.

१८६९ साली ग्लासगोच्या विल्यम रँकिननी ‘द इंजिनियर’ या साप्ताहिकात फिरत्या शाफ्टचा हिशेब मांडला. दोन बेअरिंगांवर टेकलेला शाफ्ट जरासा वाकला की मधला भाग मध्यरेषेपासून दूर जातो. दूर गेला की अपकेंद्री बल वाढतं आणि ते त्याला आणखी वाकवतं. शाफ्टचा ताठपणा त्याला मागे खेचतो. वेग कमी असेपर्यंत ताठपणाची सरशी होते, एका ठरावीक वेगाला दोघं बरोबरीत येतात आणि त्यापुढे अपकेंद्री बल कायमचं वरचढ. म्हणजे शाफ्ट वाकतच जाणार. थोडक्यात, त्या वेगाच्या वर मशीन चालवायचं नाव काढू नका. रँकिन हे वाफेच्या इंजिनांच्या शास्त्रातलं केवढं तरी मोठं नाव. त्यांचा शब्द कोण मोडणार?

मोडला तो स्वीडनच्या गुस्ताफ द लावालनी, आणि तोही कागदावर नव्हे. १८८९ च्या सुमाराला त्यांनी आपल्या वाफेच्या टर्बाइनला मुद्दाम बारीक, लवचिक शाफ्ट बसवला. त्यांची छोटी टर्बाइनं मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या घरात फिरायची, म्हणजे रँकिननी घातलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर. शाफ्ट मोडला तर नाहीच, उलट ती मर्यादा ओलांडल्यावर मशीन शांत झालं. म्युनिकच्या ऑगस्ट फॉपल यांनी १८९५ मध्ये असं का होतं ते गणितानं दाखवून दिलं होतं. पण तो लेख जर्मनमध्ये, एका जर्मन नियतकालिकात. इंग्रजी वाचणाऱ्या इंजिनियरांच्या जगात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. त्यामुळे एकीकडे रँकिनचं गणित आणि दुसरीकडे लावालचं धडधडीत चालणारं मशीन, असं चमत्कारिक सहजीवन बरीच वर्षं चाललं.

आता जेफकॉटचा लेख उघडा. पहिली गंमत त्यांनी काय काय काढून टाकलं यात आहे. शाफ्टला वजन नाही. त्याच्या बरोबर मध्यावर एकच चकती. दोन टोकांना दोन बेअरिंगं, आणि ती जागची हलत नाहीत. चकतीच्या हालचालीला वेगाच्या प्रमाणात विरोध करणारं थोडं अवमंदन. बस्स. खऱ्या टर्बाइनमध्ये असलेल्या शंभर गोष्टींपैकी पाच-सहा उरल्या. नवखा लेखक काहीतरी सुटेल या भीतीनं सगळं भरत बसतो. जेफकॉट निर्धास्तपणे सोडत जातात, पण जी एक गोष्ट रँकिननी सोडली होती ती मात्र हातातून जाऊ देत नाहीत.

ती गोष्ट म्हणजे चकतीतले दोन बिंदू. शाफ्ट जिथून आरपार जातो तो चकतीचा मध्य, आणि चकतीचं सगळं वजन जिथे एकवटलं असं मानता येतं तो गुरुत्वमध्य. रँकिनच्या हिशेबात हे दोन्ही एकच होते. जेफकॉट त्यांच्यात फट ठेवतात. कितीही काळजीपूर्वक कातलेल्या चकतीत ही फट असतेच, कारण लोखंड सगळीकडे सारखं नसतं, भोक केसभर सरकलेलं असतं, चावी एकाच बाजूला असते. अगदी आजही वाफेच्या टर्बाइनसाठी बॅलन्सिंगचा जो जी २.५ हा दर्जा वापरतात, तो मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या रोटरला सुमारे ८ मायक्रॉनची फट माफ करतो. शून्य कोणीच मागत नाही.

मग समीकरण येतं. त्याच्या डाव्या बाजूला तीन पदं: वस्तुमान आणि त्वरण, अवमंदन आणि वेग, ताठपणा आणि विस्थापन. उजवीकडे एकच पद: वस्तुमान, ती फट आणि फिरण्याच्या वेगाचा वर्ग यांचा गुणाकार, शाफ्टबरोबर गोल फिरणारा. हे समीकरण जेफकॉट दोनदा लिहितात, एकदा आडव्या दिशेसाठी, एकदा उभ्या दिशेसाठी. दोन्ही अगदी सारखी, फक्त एक दुसऱ्यापेक्षा पाव फेरी मागे. मला लेखातली सगळ्यात सुंदर जागा हीच वाटते. पन्नास वर्षं ‘घुमणं’, म्हणजे वाकलेल्या शाफ्टचं मध्यरेषेभोवती गोल फिरणं, हे काहीतरी वेगळंच, गूढ संकट समजलं जात होतं. जेफकॉट त्याला दोन साध्या कंपनांत उकलून ठेवतात. बाहेरून ठरावीक लयीत ढकललेल्या स्प्रिंगचं गणित तेव्हा सगळ्यांना येतच होतं. म्हणजे नवं गणित शोधावं लागलंच नाही. जुनंच, बरोबर ठिकाणी लावलं.

त्यांच्या सूत्रात आता आपण आकडे घालून पाहू. समजा फट ५० मायक्रॉन आहे आणि अवमंदन क्रांतिक मूल्याच्या, म्हणजे कंपन उठूच न देणाऱ्या अवमंदनाच्या, ५ टक्के आहे. वेग हळूहळू वाढवत क्रिटिकल स्पीडला, म्हणजे रँकिननी सांगितलेल्या त्या मर्यादेच्या वेगाला आणला, की शाफ्टचा वाक फटीच्या दहापट होतो, म्हणजे अर्धा मिलिमीटर. मोठा आहे, पण अनंत नाही. अवमंदनानं त्याला लगाम घातला आहे. तिथून वेग दुप्पट केला की वाक फटीच्या १.३३ पट उरतो, तिप्पट केला की १.१२५ पट. आणखी कितीही वाढवा, तो जवळजवळ फटीइतकाच राहणार. म्हणजे रँकिननी जिथे कडेलोट सांगितला होता तिथे प्रत्यक्षात एक टेकडी आहे, आणि तिच्या पलीकडे सपाट माळ.

पलीकडे काय होतं हे बघण्यासारखं आहे. क्रिटिकल स्पीडच्या खूप खाली चकतीची जड बाजू बाहेर, वाकाच्या दिशेला असते. नेमक्या क्रिटिकल स्पीडला ती वाकाच्या काटकोनात येते. गोल फिरणाऱ्या बिंदूची गती त्रिज्येशी काटकोन करते, म्हणून जड बाजूची ओढ तेव्हा अगदी गतीच्या दिशेत पडते आणि मोटरची ताकद सरळ घुमण्यात ओतली जाते. तिला खाणारं उरतं ते फक्त अवमंदन. वर गेल्यावर जड बाजू आत वळते. वेग दुप्पट असताना आपल्या ५० मायक्रॉनच्या चकतीचा गुरुत्वमध्य बेअरिंगच्या मध्यरेषेपासून जेमतेम १७ मायक्रॉनवर येतो. शाफ्ट स्वतः वाकून चकतीला तिच्या गुरुत्वमध्याभोवती फिरू देतो. लावालना बारीक शाफ्ट का हवा होता ते इथे कळतं. घरातल्या वॉशिंग मशीनचा ड्रम कपडे पिळायला वेग घेताना मध्येच थडथडतो आणि पुढे गुळगुळीत फिरू लागतो, तीही हीच टेकडी.

जड बाजू आणि वाक यांच्यातल्या या बदलत्या कोनाला व्यवहारात काय किंमत आहे, ते जुन्या फिटरांच्या खडूवरून कळतं. फिरत्या शाफ्टला खडू अलगद टेकवायचा. जो भाग बाहेर येतो त्यावरच खूण उमटते. मशीन बंद करून त्या खुणेच्या बाजूचा थोडा धातू काढायचा किंवा समोर वजन लावायचं. हा उपाय क्रिटिकल स्पीडच्या बराच खाली उत्तम चालतो, कारण तिथे बाहेर आलेली बाजू म्हणजेच जड बाजू. त्याच वेगाच्या बऱ्याच वर खडूची खूण हलक्या बाजूला पडते, आणि फिटरनं नेहमीचा उपाय केला तर मशीन आणखी बिघडतं. खडूही खरा, फिटरही खरा, तरी निकाल उलटा. हे कोडं जेफकॉटच्या आलेखातल्या कोनाच्या एका रेषेनं सुटतं. पाठ्यपुस्तकं वाकाचा आलेख मोठा छापतात आणि कोनाचा लहान. माझ्या मते उलट हवं.

रँकिन कुठे चुकले? दोन ठिकाणी. फट त्यांनी धरली नाही हे तर आलंच. दुसरं असं, की त्यांनी शाफ्टबरोबर फिरणाऱ्या चौकटीत उभं राहून हिशेब केला. तिथे अपकेंद्री बल धरलं, पण बाहेर सरकणाऱ्या वस्तूला बाजूला वळवणारं कोरिओलिस बल धरलं नाही. चकती सरळ बाहेर पळणार असं त्यांना दिसलं. खरं म्हणजे ती पळता पळता वळते, आणि त्या वळण्यातच तिचं स्थैर्य आहे. जेफकॉट फिरत्या चौकटीत शिरतच नाहीत, जमिनीवर उभे राहून बघतात, म्हणून तो सापळा त्यांना लागत नाही.

इथपर्यंत कौतुक. आता लेखातल्या ज्या वाक्यावरून वाचक झपकन पुढे जातो तिथे थांबू: बेअरिंगं जागची हलत नाहीत.

नुसत्या टेकलेल्या शाफ्टच्या मध्यावर भार ठेवला तर ताठपणाच्या सूत्रात ४८ हा आकडा येतो. तीच टोकं इतकी घट्ट धरली की त्यांना तिरपंही होता येत नाही, तर १९२ येतो. शाफ्ट तोच, लांबी तीच, लोखंड तेच. ताठपणा चौपट झाला, म्हणजे क्रिटिकल स्पीड दुप्पट. मँचेस्टरचे स्टॅनली डंकर्ली यांनी १८९४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे जो प्रदीर्घ निबंध ठेवला, त्याचा बराचसा भाग याच खटाटोपाचा आहे: टोकं मोकळी असतील तर काय, घट्ट असतील तर काय, पुली बेअरिंगच्या बाहेर लोंबत असेल तर काय. निबंध वाचायला कंटाळवाणा आहे, खोटं कशाला बोलू. पण दुकानात शाफ्ट विकत घेऊन तो कशावर तरी टेकवणाऱ्या माणसाचे प्रश्न त्यात आहेत. जेफकॉटच्या लेखात ते नाहीत.

खरं बेअरिंग ना ४८ असतं ना १९२. ते मध्ये कुठेतरी असतं, आणि कधी ४८ च्याही खाली, कारण त्याच्याखालचं हाउसिंग, बेसप्लेट, काँक्रीट, सगळंच थोडं थोडं दबतं. आणि हे थोडं पुरेसं असतं. मध्यावर चकती असलेला शाफ्ट स्वतःच्या वजनानं ०.१ मिलिमीटर झोल खात असेल, तर त्याचा क्रिटिकल स्पीड मिनिटाला सुमारे २,९९० फेऱ्या येतो. आपल्या ५० हर्ट्झच्या ग्रिडवरचे टर्बोजनरेटर ३,००० नं फिरतात. आधार किती दबतो हे न बघता कागदावर सुरक्षित ठरवलेलं मशीन उभं केल्यावर नेमकं टेकडीच्या माथ्यावर येऊन बसू शकतं.

शिवाय आधार सगळ्या दिशांना सारखा दबत नाही. बेअरिंगचं पेडेस्टल उभ्या दिशेत दणकट आणि आडव्या दिशेत मऊ असणं हा नियमच म्हणायचा. मग जेफकॉटची ती दोन जुळी समीकरणं जुळी राहत नाहीत. एका टेकडीच्या दोन होतात. शाफ्टच्या मध्याची वाट वर्तुळ न राहता लंबवर्तुळ होते, आणि अवमंदन कमी असेल तर दोन टेकड्यांच्या मधल्या वेगांत शाफ्ट फिरतो एका दिशेनं आणि घुमतो उलट्या दिशेनं. आज मोठ्या टर्बाइनच्या बेअरिंगमध्ये ९० अंशांवर दोन प्रोब बसवून ही वाट पडद्यावर बघतात. तिथे स्वच्छ वर्तुळ क्वचितच दिसतं. जेफकॉटचं न हलणाऱ्या बेअरिंगांचं ते वाक्य लक्षात ठेवलेला माणूस त्या चपट्या आकृतीकडे बघून शाफ्टबद्दल नव्हे, तर आधाराबद्दल विचारायला लागतो, आणि बहुतेक वेळा त्याचा प्रश्न बरोबर असतो. पाया नीट न टेकलेला पंप हे याचं रोजचं उदाहरण. त्याचे बोल्ट एकेक करून सैल करा आणि मीटरकडे बघा. एक बोल्ट सैल करताच कंपन उतरलं तर बॅलन्सिंगवाल्याला बोलावू नका, त्या पायाखाली शिम घाला.

जेफकॉटच्या लेखाची खरी हद्द दाखवली ती पाच वर्षांनी, अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या बर्ट न्यूकर्कनी. क्रिटिकल स्पीडच्या वर चालणारे तिथले काही ब्लास्ट फर्नेसचे कॉम्प्रेसर अचानक भयंकर घुमायला लागत. बॅलन्सिंग सुधारून उपयोग होईना. विचित्र म्हणजे शाफ्ट फिरायचा एका वेगानं आणि घुमायचा क्रिटिकल स्पीडनंच. जेफकॉटच्या समीकरणांत हे दिसणं शक्यच नाही, कारण तिथे फिरणं आणि घुमणं एकाच वेगाचं. वाकलेला शाफ्ट वाकलेलाच राहतो, त्याचा बाहेरचा धागा कायम बाहेर, आतला कायम आत. वेग वेगळे झाले की मात्र धागे आलटून पालटून ताणले आणि दाबले जातात. मग शाफ्टवर गरम करून चढवलेल्या चकत्यांच्या सांध्यांत घर्षण होतं आणि ते घुमण्याला पुढे ढकलतं. जेफकॉटकडे अवमंदन नेहमी तारणारं. न्यूकर्कनी दाखवलं की तेच शाफ्टच्या अंगात असेल तर मारतं.

आणि उपाय? १९२४ च्या लेखात न्यूकर्क नोंदवतात की पाया लवचिक केला की हे संकट जास्त वेगापर्यंत पुढे ढकललं जातं, आणि त्या पायात अवमंदन घातलं की आणखी पुढे. हे ऐकायला उफराटं वाटतं, कारण आपल्या हाडात भिनलंय की मशीन घट्ट तेवढं बरं. पण विचार करा: जी जागा हलतच नाही, तिथलं अवमंदन काय शोषणार? बेअरिंग कणभर हललं तरच त्याच्याभोवतीचं तेल किंवा रबर ऊर्जा खाऊ शकतं. आज जेट इंजिनांत बेअरिंगभोवती तेलाचा पातळ थर मुद्दाम ठेवतात तो यासाठीच.

पुढच्याच वर्षी न्यूकर्क आणि टेलर यांनी दुसरं कारण शोधलं, आणि ते बेअरिंगच्या तेलातच होतं. साध्या गोल बेअरिंगमध्ये शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो. तो थर नुसता स्प्रिंगसारखा वागत नाही. खाली दाबलं तर शाफ्ट तिरका, बाजूलाही सरकतो. या तिरकेपणातून फिरण्याच्या निम्म्याहून जरा कमी वेगाचं घुमणं जन्माला येतं, आणि मशीनचा वेग क्रिटिकल स्पीडच्या दुपटीजवळ गेला की ते उग्र होतं. म्हणजे जेफकॉटनी ज्याला हलत नाही म्हणून बाजूला ठेवलं, तो आधार फक्त हलतो असं नाही, तो स्वतः ढकलतो. नंतरच्या काळात तुकड्यातुकड्यांची, झुकणाऱ्या पॅडची बेअरिंगं हाय-स्पीड मशीनांत सर्रास आली ती हा तिरकेपणा मारण्यासाठी.

महाराष्ट्रातल्या वाचकाला लवचिक आधार बघायचा तर जेट इंजिनापर्यंत जायला नको. साखर कारखान्यात मळीपासून साखर वेगळी करणारं सेंट्रिफ्युगल बघावं. बास्केट वर टांगलेली असते, स्पिंडलच्या वरच्या बेअरिंगभोवती रबराचा बफर असतो आणि खालचं टोक मोकळं. बास्केटमध्ये माल कधीच सारखा पसरत नाही, म्हणजे फट ५० मायक्रॉनची नव्हे, मिलिमीटरांची. हे मशीन दोन ताठ बेअरिंगांत जखडलं असतं तर त्यानं बेअरिंगं आणि पाया दोन्ही फोडले असते. टांगलेलं असल्यामुळे ते कमी वेगातच झोकांड्या खाऊन घेतं आणि मग आपला मध्य आपण शोधतं. बफरचं रबर कडक झालं की त्याचं झोकांड्या खाणं वाढतं, आणि दोष बऱ्याचदा मालावर ढकलला जातो.

तेव्हा जेफकॉटचा लेख थोर आहे तो सगळं सांगतो म्हणून नव्हे. त्यानं आधार गोठवून ठेवला, म्हणून फटीची गोष्ट इतकी स्वच्छ सांगता आली. चकतीपुरतं त्याचं म्हणणं शंभर वर्षांनंतरही एका अक्षरानं बदलावं लागलेलं नाही, आणि बेअरिंगपुरतं त्यात जवळजवळ काहीच नाही. शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: एखादा तास सूत्र बाजूला ठेवून विद्यार्थ्यांच्या हातात ही अकरा पानं द्या, आणि पुढच्या तासाला न्यूकर्कचा १९२४ चा लेख. नुसता जेफकॉट वाचून कोणी टर्बाइन हॉलमध्ये गेला, तर तो पहिल्या दिवसापासून चुकीच्या ठिकाणी वजनं लावत बसेल.